फासे कोणाच्या नावावर टाकायचे?

आंबागड किल्ल्यावर भूमिका घेऊन खेळायचा खेळ रचायचा म्हटले, तर नकाशाच्या आधी पात्रांचे गुण ठरवावे लागतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला, तेव्हा प्रत्येक पात्राला सहा गुण दिले: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि माणसांवरची छाप. तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. सरासरी साडेदहा पडते, अठरा २१६ वेळांत एकदा. १९८६ च्या 'गर्प्स' या खेळाने यादी चारवर आणली आणि नशिबावर न सोडता ठरावीक अंकांतून गुण विकत घ्यायला लावले. पण गुण माणसाच्या अंगातच असतो, हे गृहीतक दोन्हीकडे कायम राहिले. माझे भांडण त्याच्याशी आहे.

तुमसर तालुक्यातला, सातपुड्याच्या टेकड्यांतला आंबागड १७०० च्या सुमारास बांधला गेला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि तिथे तुरुंग झाला. कैद्यांना गडावरच्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी प्यायला लावत आणि त्यात ते मरत, असे सांगितले जाते. हा प्रसंग नेहमीच्या नियमांनी खेळून पाहा. कैद्याच्या काटकपणावर फासे टाकायचे. आकडा मोठा असला तर जगला, लहान असला तर मेला. ज्याने पाणी पाजले त्याचा या हिशेबात पत्ताच नाही. मेलेल्याचा काटकपणा कमी पडला, एवढीच नोंद उरते. नियम तटस्थ दिसतो आणि अपराध मात्र कैद्याच्या अंगावर ढकलतो. खेळणारी मुले तो नियम पन्नास वेळा वापरतात. जगाबद्दलची ही समजूतही त्यांच्या मनात मुरते.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या 'पेंड्रॅगन' या खेळात यातून एक वाट सापडते. तिथे स्वभावाच्या जोड्या आहेत, प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया वाढली की क्रौर्य तेवढेच घटते. ही जोडी आंबागडच्या पहारेकऱ्याला दिली, की फासे कैद्याच्या प्रकृतीवर न पडता सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्या वागण्यावर पडतात. एवढ्या एका बदलाने खेळाची नीती बदलते.

दुसरी अडचण ज्ञानाची. या मुलखात गोंड राजांच्या आश्रयाने तलाव बांधले गेले, आणि त्यात कोहळी समाजाचे कसब मोठे. पाणी कुठून उतरेल, पाळ कुठे घालावी, धानाच्या बांध्यांना ते कसे पोचेल, ही समज एका माणसाच्या 'बुद्धी'च्या रकान्यात मावत नाही. ती पिढ्यांनी आणि गावाने मिळून धरलेली असते. म्हणून तिचा आकडा सगळ्या गटाचा एकच असावा, आणि गट फुटला की तो उतरावा.

यावर खेळाडू म्हणेल, मला माझा स्वतःचा आकडा हवा. ही मागणी रास्त आहे. आपले पात्र किती दमाचे, हे प्रत्येकाला कळावेसे वाटते, आणि सारेच नात्यांत मोजले तर हिशेब ठेवता ठेवता खेळ बाजूला पडतो. खेळाडूंच्या पात्रांना मी तीनच गुण ठेवीन. 'दम' ज्याचा त्याचा. 'जाण' गटाची. 'पत' मात्र एका आकड्यात लिहायची नाही. किल्लेदारापाशी वेगळी, पायथ्याच्या गावात वेगळी, जंगलातल्या गोंड पाड्यावर वेगळी. औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारून आपले राज्य परत मिळवणाऱ्या बख्त बुलंदाला 'छाप सोळा' असा एकच आकडा देऊन काय सांगणार? दरबारात त्याची पत वाढली, तेव्हा देवगडात ती तशीच राहिली का, हाच त्याच्या कथेतला खेळण्याजोगा प्रश्न आहे.

विहिरीचा नियम मग असा होईल: पहिले फासे पहारेकऱ्याच्या दयेवर. ते फसले, तर पायथ्याच्या गावात ज्या कैद्याची पत आहे त्याला गावाकडून चोरून पाणी मिळवण्याची एक संधी. तीही हुकली आणि विहिरीचे पाणी पोटात गेले, तरच त्याचा दम मोजायचा.