कोणाच्या जिवावर?

औषध कशापासून बनलं आहे हे विचारण्याचा हक्क आजारी माणसाला आहे, असं मी मानते. माझ्या वडिलांनी तो बजावला. नाना मूळचे अमळनेरचे, सखाराम महाराजांच्या वाडीवर भजनाला जाणाऱ्या घरातले. ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरतेच्या उधन्याला उतरले, उभी हयात लूमवर राबले, पण गळ्यातली तुळशीची माळ आणि एकादशी सोडली नाही. साखर वाढत गेली, गोळ्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. नानांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हाई कशानं बनेल शे?"

मी उधना-मगदल्ला रोडवरच्या विद्यापीठात शिकले आणि आज प्रयोगशाळेत प्रथिनं तयार करून शुद्ध करण्याचं काम करते. नानांचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे. एक जीव जगवताना दुसऱ्या जिवाचा वापर कुठवर करावा आणि त्याचं देणं कसं फेडावं?

1922 मध्ये टोरांटोत मधुमेहाच्या रोग्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्यानंतर साठ वर्षं हे औषध कत्तलखान्यातून येत होतं. गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून ते काढत. सुमारे दोन टन स्वादुपिंडं गोळा केली की हाती लागायचं साधारण सव्वादोनशे ग्रॅम इन्सुलिन. माळकऱ्यानं, जैनानं, मुसलमानानं आपला धर्म आणि आपला जीव यांतून निवड करायची, अशी ती वेळ होती. 1978 मध्ये अमेरिकेत जेनेनटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप संशोधनसंस्था इथल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचं जनुक रसायनांतून जोडून तयार केलं. त्यासाठी कोणा माणसाच्या शरीराचा तुकडाही घ्यावा लागला नाही. ते जनुक त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत घातलं आणि जिवाणू इन्सुलिन बनवू लागला. 1982 मध्ये त्या इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे 2003 मध्ये वोक्हार्ट कंपनीनं भारतात बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. म्हणून मी नानांना सांगू शकले, की तुमच्या बाटलीतलं इन्सुलिन गाईचं नाही, डुकराचंही नाही. ते जंतूंकडून करवून घेतलेलं आहे.

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, त्या जंतूंचं पुढे काय होतं?

ते मरतात. हे मी आडपडदा न ठेवता सांगते, कारण ते माझ्याच हातून होतं. हव्या त्या प्रथिनाचं जनुक डीएनएच्या एका छोट्या वर्तुळावर, म्हणजे प्लाझ्मिडवर, चढवून आम्ही ते ई. कोलायमध्ये घालतो. 37 अंशांवर, पोषक माध्यमात, जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. कल्चर पुरेसं गढूळ झालं की आयपीटीजी नावाचं रसायन टाकून जनुकाला जागं करतो. पुष्कळदा तापमान 18 अंशांवर आणून रात्रभर हलवत ठेवतो, म्हणजे प्रथिनाची घडी नीट बसते. सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जिवाणूंचा गोळा खाली बसवायचा, बर्फात ठेवून सोनिकेटरनं त्यांची कवचं फोडायची, गाळ वेगळा करायचा आणि वरचं निवळ द्रावण निकेलच्या कॉलममधून सोडायचं. आमच्या प्रथिनाच्या टोकाला मुद्दाम हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे सहा घटक जोडलेले असतात, ते निकेलला धरून राहतात. बाकीची हजारो प्रथिनं वाहून जातात. शेवटी इमिडाझोल ओतून आपलं प्रथिन सोडवून घ्यायचं. जेलवर एकच ठळक पट्टी दिसली की काम साधलं. एका लिटर कल्चरमध्ये सहज दोन लाख कोटी जिवाणू असतात. त्यातले जे उरतात ते ब्लीचमध्ये किंवा ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर संपतात.

मग ही हिंसा गाईच्या हिंसेपेक्षा मोठी मानायची का? आकड्यांचाच हिशेब केला तर एका जनावरासमोर लाखो कोटी जीव उभे राहतात. हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. सूत्रकृतांग या जैन आगमात आर्द्रककुमार या मुनीची हस्तितापसांशी गाठ पडते. हे तापस वर्षाला एकच हत्ती मारून त्याच्यावर निर्वाह करत आणि त्यामुळे असंख्य लहान जीव वाचतात असं सांगत. आर्द्रकानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. जैन विचारात जिवांची प्रतवारी इंद्रियांवरून होते. एकेंद्रिय जीव आणि पंचेंद्रिय जीव यांच्या वधाचं वजन तिथं सारखं धरत नाहीत. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचेही चार प्रकार सांगितले आहेत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. घरकामात, पोटाच्या धंद्यात किंवा बचावात होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. ठरवून, मारण्यासाठीच केलेली संकल्पी हिंसा मात्र त्यानं सोडायलाच हवी.

मला ही प्रतवारी पटते, आणि जीवशास्त्र तिच्या आड येत नाही. जिवाणू अन्नाकडे सरकतो, विषापासून दूर जातो, म्हणून तो जिवंत आहे यात शंका नाही. पण त्याला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, वेदना जिथं उमटेल अशी जागाच नाही. जिथं वेदना नाही तिथल्या लाख कोटींची बेरीज केली तरी एका वासराच्या हंबरड्याइतकी होत नाही.

प्रयोगशाळेतली खरी हिंसा फ्रीजमधल्या छोट्या बाटल्यांत असते, आणि तिची चर्चा कोणी करत नाही. जिवाणूंचं कवच सैल करणारं लायसोझाइम कोंबडीच्या अंड्यातून येतं. फुटलेल्या जिवाणूंतला चिकट डीएनए तोडणारं डीएनेज बैलाच्या स्वादुपिंडातून काढतात. बीएसए हे गाईबैलांच्या रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. जिवाणूंना खाऊ घालायचा ट्रिप्टोन म्हणजे दुधातलं केसीन, आणि तेही स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिन या विकरानं पचवलेलं. पेशी वाढवायला लागणारा फीटल बोव्हाइन सीरम तर कत्तल झालेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून मिळवतात. औषधात जिवाणूंचं विष उरलं आहे का, हे पाहण्याची नेहमीची चाचणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तावर चालते. रक्त काढून ते प्राणी समुद्रात सोडतात, पण त्यातले काही मरतात.

आता यातल्या जवळजवळ प्रत्येकाला पर्याय आहे, आणि तो माझ्यासारख्यांच्या कामातून आलेला आहे. लायसोझाइम, डीएनेज, ट्रिप्सिन, अल्ब्युमिन ही सगळी प्रथिनं आता जिवाणू, यीस्ट किंवा वनस्पतींकडून करवून घेता येतात. सिंगापूरमध्ये हॉर्सशू क्रॅबच्या रक्तातल्या फॅक्टर सी या प्रथिनाचं जनुक वेगळं करून ते प्राण्याविना बनवलं गेलं, आणि 2021 पासून युरोपच्या औषधकोशात त्या चाचणीला जागा मिळाली. वासराच्या जठरातून मिळणारं चीज विरजण्याचं कायमोसिन जिवाणूंकडून बनवायला 1990 मध्येच अमेरिकेत परवानगी मिळाली होती. पंचेंद्रिय जिवांवरचा भार उचलून तो जिवाणूंसारख्या एकेंद्रियांवर ठेवायचा, हे या विद्येचं धर्माच्या दृष्टीनं सर्वांत मोठं काम आहे. माळकऱ्याच्या लेकीनं ते अभिमानानं करावं असंच आहे.

तरी देणं उरतंच. आपल्या धर्मशास्त्रात पंचसूना, म्हणजे घरातल्या जीव मरण्याच्या पाच जागा, सांगितल्या आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घर चालवताना या पाच ठिकाणी जीव मरणारच, हे शास्त्रानं मान्य केलं आणि त्याबदल्यात गृहस्थावर पाच महायज्ञ घातले. पाहुण्याला, पितरांना आणि मुक्या जिवांनाही अन्नाचा वाटा काढून ठेवायचा. मारल्याशिवाय जगता येत नसेल, तर निदान वाटल्याशिवाय जगू नये, असा मी त्याचा अर्थ घेते. सोनिकेटर आणि ऑटोक्लेव्ह या आमच्या सूना आहेत. आमचा यज्ञ कोणता, याचं उत्तर आम्हीच द्यायला हवं.

माझ्या मते तो वाटण्याचाच आहे. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1923 मध्ये इन्सुलिनचं पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकलं. तशीच आम्हीही आमची जनुकं आणि प्लाझ्मिड मागेल त्या प्रयोगशाळेला द्यावीत. प्रयोग नीट आखल्याशिवाय कल्चर लावू नये, कारण फुकट गेलेलं प्रत्येक लिटर ही विनाकारण केलेली हिंसा आहे. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे, त्याच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. उधन्याच्या खोल्यांत फ्रीज नसलेली घरं पुष्कळ आहेत. तिथं इन्सुलिनची बाटली मातीच्या ओल्या भांड्यात थंड ठेवतात, आणि महिनाअखेरीला पैसे संपले की डोस अर्धा करतात. जीव घेऊन बनवलेलं औषध गरजवंताला परवडत नसेल, तर मेलेल्या जिवांचं देणं तसंच राहिलं.

म्हणून माझं दोघांना सांगणं आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी बाटली मागवताना तिच्यावरचा 'स्रोत' हा शब्द वाचावा, आणि प्राण्याविना बनलेली मिळत असेल तर तीच घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी. आणि ज्यांच्या घरात इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना, औषधवाल्याला बेधडक विचारावं की हे कशापासून बनलं आहे. तो प्रश्न धर्माचा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण उत्तर मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही, डोस चुकवू नका.