मिशनच्या आवाराबाहेर

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सेवेचा इतिहास शोधायला निघालं की पहिल्यांदा लागतात ती आवारं. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणं मांडलं. डॉ. वॉनलेस यांचं मिरजेचं रुग्णालय 1894 मध्ये उभं राहिलं. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. शाळा, दवाखाना, चर्च, वसतिगृह, साहेबाचा बंगला आणि भोवताली कुंपण. गरजू माणूस फाटकाशी यायचा, त्याला आत घेतलं जायचं. शेजाऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे फाटक उघडं ठेवायचं, असा एकंदर हिशेब.

या सेवेला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं आहे. 1897 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. पण आवारात आलेला माणूस बहुधा गावाला कायमचा पारखा व्हायचा. शिक्षण मिशनचं, नोकरी मिशनची, सोयरीकही त्यातलीच. दुष्काळात बाप्तिस्मा घेणाऱ्यांना ‘पोटासाठी बाटले’ हे ऐकावं लागलं. असं म्हणणाऱ्यांनी त्या भुकेल्यांच्या ओंजळीत किती दाणे टाकले होते, हे विचारायलाच हवं. तरीही धान्याच्या कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, तोच उपदेशालाही उभा राहिला की लोक कुजबुजणारच. आणि ती कुजबुज सगळीच खोटी नव्हती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे आतून छळत होतं. बाप्तिस्मा 1895 चा. त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी मिशनच्या पगारावर काम केलं. 1917 मध्ये ती नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी टिळक गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. संस्था म्हणून तो फसलाच म्हणायचा. पण सेवा करणाऱ्याने आधी स्वतःचं कुंपण ओलांडावं, हा विचार मराठीत मांडला गेला होता.

त्याला कृतीचं रूप यायला पन्नासेक वर्षं लागली. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर दांपत्य. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की, आज बरं होऊन गेलेलं मूल थोड्या दिवसांनी तेच जुलाब घेऊन परत येतं. रुग्णालय उत्तम चाललं होतं, गाव मात्र जिथल्या तिथे. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून दोघांनी 1970 मध्ये जामखेड गाठलं. तालुका कोरडा, त्यात 1972 चा दुष्काळ. लोकांना डॉक्टरांपेक्षा पाण्याची निकड जास्त होती, म्हणून आरोळ्यांनी पाण्यापासूनच सुरुवात केली. बोअर घेताना ते दलित वस्तीत घेण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. हंडा घेऊन सवर्ण बाईला तिथे जावंच लागे. जातीवरच्या शंभर प्रवचनांपेक्षा मला हा हातपंप मोठा वाटतो.

गावात नर्सबाई पाठवून पाहिल्या, त्या टिकेनात. मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं. पुष्कळदा ती दलित, निरक्षर, कधी नवऱ्याने टाकलेली असे. या बायका दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखर-पाणी, कुपोषित पोराचं वजन हे सगळं शिकून पुन्हा आपापल्या गावी. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत; 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला.

बायबलमध्ये एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तर म्हणून येशू वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाचा दाखला सांगतो. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. मदतीला धावतो तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी हलका मानलेला. मग येशूच शास्त्र्याला उलट विचारतो, यातला शेजारी कोण ठरला? आपण ही गोष्ट वाचतो आणि लगेच स्वतःला शोमरोन्याच्या जागी बसवतो. मिशनच्या आवारांनीही तेच केलं. जामखेडने ती जागा गावाने वाळीत टाकलेल्या बाईला दिली. डॉक्टर ख्रिस्ती होते आणि ते लपवत नव्हते. पण या बायका बहुतेक हिंदू, काही मुसलमान होत्या आणि त्यांना कुणी धर्म बदलायला लावला नाही. मग ही सेवा ख्रिस्ती कशी, असं कुणी विचारेल. मला तर ती दाखल्याशी जास्त इमानदार वाटते.

जामखेडचा बोलबाला जगभर झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या पुस्तकात त्याची दखल घेतली, आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारनेही 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविका नेमल्या. गावातली बाई निवडायची, ही कल्पना तीच. पण ‘सेवा’ म्हटलं की पगाराचा विषय टाळायची आपली जुनी खोडही त्यात आली. आशाताईला पगार ठरवला नाही, कामागणिक मोबदला ठेवला. दाखल्यातला शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत ठेवताना उतारशाळेवाल्याला दोन नाणी देतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना भरीन, असंही सांगतो. आपलं प्रेम तो दुसऱ्याच्या फुकट राबण्यावर भागवत नाही. 2024 च्या सुरुवातीला आशाताई मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या, त्या याच हिशेबासाठी.