हिवाळ्याची शिदोरी

साठवणारा माणूस देवावर भरवसा ठेवत नाही, असं वडील म्हणत. आई मात्र दर उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे-कुरडया वाळवून डबे भरायची. खरं कोणाचं, हा प्रश्न मी थेट कझाकस्तानातल्या अल्माटीपर्यंत नेला. मुलगी तिथे डॉक्टरकी शिकते.

मार्चमध्ये नौरिझच्या, म्हणजे वसंताच्या सणाच्या दिवशी तिच्या घरमालकीणबाई, सगळ्यांच्या ‘आपा’, मोठ्या पातेल्यात नौरिझ-कोझे ढवळत होत्या. जिन्नस सात: पाणी, मांस, मीठ, चरबी, पीठ, धान्य, दूध. मांस ‘सोगिम’चं, म्हणजे हिवाळा लागताना कापलेल्या जनावराचं, मीठ लावून राखलेलं. त्यात दूध पडलं, की सरता हिवाळा आणि येणारा वसंत एकाच वाटीत येतात.

आपांनी माझ्या तळहातावर ‘कुर्त’ ठेवला. खारवून वाळवलेल्या दह्याचा गोळा, खडूसारखा पांढरा, दगडासारखा टणक. गालात धरला, तर आंबट-खारट चव सावकाश सुटत राहते. स्तेपच्या गवताळ प्रदेशात अशा साठवणीला लोभ कोण म्हणेल? १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत सामूहिकीकरणात इथल्या पशुपालकांची जनावरं गेली आणि त्यातून आलेल्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली. नौरिझ तर त्याआधीच दडपला गेला होता. तो उघडपणे परतला १९८८मध्ये.

आपांनी राखलेलं मांस त्या दिवशी सगळं पातेल्यात घातलं, मागे काही ठेवलं नाही. मला वाटतं, अपरिग्रहाचा अर्थ इथेच कुठेतरी आहे. डबा भरला की नाही, यापेक्षा झाकण कोणासाठी उघडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दार सताड उघडं होतं. शेजारी येत होते, आपा प्रत्येकाला म्हणत होत्या, ‘अक मोल बोल्सिन’, दूधदुभतं उदंड होवो.