पाहुणा की गिऱ्हाईक?

आपल्या गावोगावची मुले आता दूरदेशी फिरून येतात, कधी आईवडिलांनाही सोबत नेतात. केनिया-टांझानियाच्या सहलीत सिंह, हत्ती, जिराफ पाहून झाले की एखाद्या दुपारी ‘मसाई गावाची भेट’ असते. काटेरी कुंपणाच्या आत शेणामातीची बुटकी घरे, लाल वस्त्र पांघरलेले उंच तरुण, त्यांचा उड्यांचा नाच, लाकडावर लाकूड घासून पाडलेला विस्तव आणि शेवटी मण्यांच्या माळांचा बाजार. माणशी ठरलेली रक्कम द्यायची, तासाभरात सगळे उरकते. परत आलेला प्रवासी फोटो दाखवता दाखवता म्हणतो, “छान होते, पण सगळा देखावा हो! एकाच्या पांघरुणात चक्क मोबाईल होता.”

या वाक्यापाशी जरा थांबू या. मोबाईल असण्यात फसवणूक ती कोणती? केनियात फोनवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सोय २००७ मध्ये सुरू झाली. आपले यूपीआय आले २०१६ साली. गुरे विकणाऱ्या-घेणाऱ्या माणसाला फोन लागणारच. मग आपल्याला वाईट कशाचे वाटते? पैसे मोजून आपण एक चित्र विकत घेतलेले असते. चित्रातला माणूस स्वतःचा संसार करताना दिसला की खरेदी फसल्यासारखी वाटते.

वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पालखीच्या वाटेवर आपल्यावरही कॅमेरे रोखले जातात. डोईवर तुळस घेतलेल्या म्हातारीला “आजी, जरा इकडे बघा, हसा” म्हणणारा भेटतो. तिचे गाव कोणते, पेरणी उरकून आली की तशीच निघाली, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. त्याच वाटेवर दुसरा एखादा कॅमेरा गळ्यातच ठेवून कोसभर तिच्याबरोबर चालतो, तिची पिशवी धरतो आणि मग विचारतो, “फोटो काढू का?” यंत्र दोघांकडे एकच. म्हातारीला मात्र फरक लगेच कळतो. मसाई म्हातारीला कळत नसेल, असे आपण का धरून चालावे?

पैसे घेण्यात काही वावगे नाही. कीर्तनकार बिदागी घेतो म्हणून कीर्तन खोटे ठरते काय? उलट दिलेली रक्कम कुणाच्या हाती पडते, हे अवश्य विचारावे. गावाच्या नावाने घेतलेल्या पैशांतला मोठा वाटा गाडीवाल्याकडेच राहतो, ही केनियातली जुनी तक्रार आहे.

खरी अवघड गोष्ट तर त्या दुपारच्या आधीच, सकाळच्या जीपमध्ये होऊन गेलेली असते. सेरेंगेटी हे नावच मसाई भाषेतून आले असे सांगतात. जमीन जिथे संपतच नाही अशी जागा, असा त्याचा अर्थ. त्या माळावर मसाईंची गुरे चरत होती. १९५९ मध्ये त्यांना तिथून उठवून शेजारच्या न्गोरोंगोरोत राहायला सांगितले गेले. २०२२ पासून न्गोरोंगोरोतूनही कुटुंबांना दूरच्या म्सोमेरा गावी हलवले जात आहे. माणसे आणि गुरे वाढली, रानावर भार पडला, असे सरकार म्हणते. वन्यजीव राखायला हवेत हे खरेच. पण आपण ज्याला ‘माणसाचा स्पर्श न झालेले रान’ म्हणून हात जोडतो, ते माणसे उठवून मोकळे केलेले आहे. त्या रिकामेपणाचे तिकीट आपण काढलेले असते. हे मनात ठेवून कुंपणाच्या आत शिरणारा आणि हे ठाऊक नसलेला, दोघे एकाच नजरेने मसाईंकडे पाहू शकतील का?

माळकऱ्याला आणखी एक अडचण येईल. मसाई मांस खातात. गाईच्या मानेची शीर बारीक बाणाने टोचून रक्त काढतात, जखम बंद करतात आणि ते रक्त दुधात मिसळून पितात. गाय जिवंत राहते. ऐकूनच अंगावर शहारे येतात ना? आपण खाऊ नये, पिऊ नये, कुणी आग्रह केला तर हात जोडावेत. नाक मात्र मुरडू नये. जगातली सगळी गुरे देवाने आपल्याच हवाली केली, असे मानणारी ती माणसे आहेत. गाईवरची त्यांची माया आपल्या तराजूत मोजायला आपल्याला कुणी बोलावलेले नाही.

मसाई मुले वडीलधाऱ्यांपुढे डोके वाकवतात आणि वडीलधारे त्या डोक्यावर तळवा टेकवतात. मराठी आजीला ही रीत कुणी शिकवावी लागणार नाही. त्यांच्या भाषेत ‘एंकाई’ म्हणजे देव, आणि पाऊसही एंकाईच. २०२० च्या अखेरीपासून केनियाच्या कोरड्या भागात पावसाळ्यामागून पावसाळे वाया गेले आणि गुरे पटापट मेली. तेव्हा कुंपणाच्या दारात उभे राहिल्यावर कॅमेऱ्याआधी वाटाड्याला पुढे घ्यावे आणि म्हणावे, “यांना विचार बाबा, यंदा पाऊस कसा आहे? गुरे किती राहिली?” उत्तर लांबेल, गाडीवाला घड्याळ दाखवील. दाखवू द्यावे.