चुकून सुटलेल्या गोळीचा जाब

माननीय अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्या भावावर शस्त्र रोखण्यास पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तीत मनाई केली आणि कारणही सांगितले : हात आपला असला, तरी शैतान त्या हातून घाव घडवून आणू शकतो आणि माणूस नरकाग्नीत जाऊन पडतो.

ही मनाई कोठे लागू होते, याचा विचार करावा. चाप ओढणे ही पुढची गोष्ट. शस्त्राचे तोंड माणसाकडे वळले, तेथेच शरीयतने हात धरला आहे. सख्ख्या भावावर शस्त्र रोखणाऱ्यावरही फरिश्ते लानत पाठवतात, असे दुसऱ्या एका हदीसमध्ये आले आहे. सख्ख्या भावावर सहसा कोणी वैराने शस्त्र रोखत नाही; तेथे थट्टाच असते. म्हणजे थट्टेलाही येथे सूट नाही.

मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, नंगी तलवार एकमेकांच्या हाती देऊ नये, असेही पैगंबरांनी (स.) शिकवले. आज बाणांच्या जागी बंदूक आली, आदेशाचा हेतू तोच राहिला. बंदूक दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी काडतूस काढावे, नळी उघडून दाखवावी, तिचे तोंड माणसांपासून दूर ठेवावे आणि बोट चापाला लावू नये. 'रिकामीच आहे' या शब्दावर विसंबू नये, स्वतः पाहावे.

आपल्या कोकणात वानर-रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवान्याची बंदूक अनेक घरांत असते. ठासणीच्या बंदुकीत दारू व छर्रे एकदा ठासले की ते बाहेर काढणे कटकटीचे असते. म्हणून भरलेलीच बंदूक भिंतीला टांगून ठेवण्याचा मोह होतो. पण खाली खेळणाऱ्या मुलाला ती भरलेली आहे हे कसे कळावे? बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे व दारू वेगळ्या जागी असावीत आणि किल्ली मोठ्यांकडेच राहावी. मूल हे अल्लाहने सोपवलेली अमानत आहे.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हीदेखील बेपर्वाईच होय. वर गेलेली गोळी खाली येतेच. शस्त्र अधिनियमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा आनंदोत्सवी गोळीबारास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

'चुकून झाले, नशिबात होते' असे म्हणून आपण मोकळे होतो. तकदीरवर ईमान फर्ज आहे. परंतु ते निष्काळजीपणाचे पांघरूण नव्हे. फिकहच्या ग्रंथांत 'कत्ल-ए-खता', म्हणजे चुकून घडलेली हत्या, समजावताना शिकाऱ्याचेच उदाहरण येते : झुडपात सावज समजून त्याने नेम धरला आणि तेथे माणूस निघाला. यात जाणूनबुजून केलेल्या खुनाचे पाप नाही. मात्र खात्री करून घेण्यात कसूर केल्याचे पाप आहे, असे हनफी फुकहा सांगतात. सूरह निसाच्या 92 व्या आयतीत अशा हत्येसाठी वारसांना दियत आणि कफ्फारा ठरवला आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल तर सलग 2 महिने रोजे ठेवावे लागतात. वारस दियत माफ करू शकतात, कफ्फारा मात्र उरतोच. ज्यांच्याशी करार आहे अशा अन्य समाजातील माणसाच्या बाबतीतही याच आयतीत दियत व कफ्फारा सांगितला आहे. जीव शेजाऱ्याचा असो वा आपल्याचा, अल्लाहच्या दरबारी तो स्वस्त नाही.

हे साठ रोजे ठेवण्याची पाळी येण्यापूर्वीच, या जुम्याच्या नमाजनंतर घरी जाऊन प्रत्येक परवानाधारकाने आपली बंदूक उतरवून तपासावी. अल्लाह आपल्या हातांना एखाद्या निष्पापाच्या रक्तापासून सुरक्षित ठेवो. आमीन.