दोन वर्षांची मोजपट्टी

पुण्यातल्या एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी केलेलं विधान माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं असं : भारतातून निघणाऱ्या मेंदूविज्ञानाच्या जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर दोन-अडीचच्या आसपास घुटमळतो, ‘नेचर न्यूरोसायन्स’चा वीसच्या घरात असतो, तेव्हा आपली जर्नलं उद्या बंद पडली तरी मेंदूविज्ञानाचं काही अडणार नाही. सभागृहात माना डोलल्या. पुढच्या वक्त्याने तोच आकडा घेऊन नेमणुकांचा प्रश्नही सोडवून टाकला. या विधानात चूक एवढी खोलवर आहे की पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत ती दाखवता आली नसती. म्हणून हा लेख.

मी पुण्याजवळच्या मांजरीत राहतो. मेंदूविज्ञानाशी या गावाचा थेट संबंध नाही. पण संशोधनाचा प्रभाव कशाला म्हणायचं, हा प्रश्न इथे रोज डोळ्यांसमोर असतो. ऊस उत्पादकांनी १९७५ साली उभी केलेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था इथे आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच. या केंद्रातल्या कीडनाशक अवशेषांच्या प्रयोगशाळेने घालून दिलेल्या पद्धतीवर नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात उतरतात. पण तिथल्या शास्त्रज्ञाचं मूल्यमापन व्हायची वेळ आली, की राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीची जर्नलांची गुणयादी पुढे येते. तिचं सूत्र सोपं आहे : जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर घ्या, त्यात सहा मिळवा. फॅक्टर नसलेल्या जर्नलला फार तर सहा. म्हणजे भुरी आणि केवडा या द्राक्षरोगांवर काम करणारा माणूस आणि उंदराच्या हिप्पोकॅम्पसवर काम करणारा माणूस एकाच गणितात बसवले जातात. वनस्पतिरोगांच्या जर्नलांचे आकडे मेंदूविज्ञानाच्या जर्नलांपेक्षा साधारणपणे लहान असतात. त्या शाखेत माणसं कमी, निबंध कमी, एकमेकांचे दाखलेही सावकाश दिले जातात, एवढंच त्याचं कारण. तेवढ्यावरून केवडा हा मेंदूपेक्षा क्षुल्लक विषय ठरत नाही.

हा आकडा निघतो कसा, ते एकदा नीट पाहू. समजा २०२४ सालचा फॅक्टर काढायचा आहे. त्या जर्नलच्या २०२२ आणि २०२३ मधल्या मजकुराला २०२४ मध्ये किती वेळा संदर्भ दिला गेला ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांच्या संख्येने भागायचं. भागाकारात वर सगळे संदर्भ येतात, संपादकीयांना आणि पत्रांना मिळालेलेही. खाली मात्र फक्त ‘निबंध’ म्हणून मान्य झालेला मजकूर. काय मान्य करायचं ते आकडा काढणारी कंपनी ठरवते. ‘प्लॉस मेडिसिन’च्या संपादकांनी २००६ साली उघड लिहिलं, की कोणता मजकूर खाली धरला जातो त्यावर त्यांचा फॅक्टर तीनही होऊ शकला असता आणि अकराही. शिवाय ही सरासरी आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा फॅक्टर २००८ मध्ये सुमारे २ होता, तो २००९ मध्ये जवळपास ५० झाला. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एकच निबंध सगळ्या जगाने उद्धृत केला होता. बाकीचे लेखक होते तिथेच होते.

माझा खरा आक्षेप मात्र त्या दोन वर्षांवर आहे, आणि तो सांगायला मला पुण्याबाहेर जावं लागत नाही.

१९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. पुण्यातल्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, संशोधकांना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. गावाच्या नावावरून त्याला चांदिपुरा म्हटलं गेलं. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये त्यावर निबंध लिहिला. हे जर्नल १९१३ पासून निघतं आहे, सर्वसाधारण वैद्यकाचं आहे. मेंदूविज्ञानाच्या यादीत ते येणारही नाही. निबंधात विषाणूचं वर्णन, प्राण्यांवरच्या चाचण्या, इतर विषाणूंशी तुलना असा काळजीपूर्वक केलेला पायाभूत तपशील. त्याने कुठे खळबळ माजली नाही. माजायचं कारणही नव्हतं. दोन माणसांना ताप आला होता, एवढंच.

मग २००३ चा उन्हाळा सरला आणि आंध्र प्रदेशात मुलं मरू लागली. सकाळी खेळणारं मूल दुपारी तापाने फणफणायचं, झटके यायचे, शुद्ध हरपायची. पुष्कळ मुलं एक-दोन दिवसांत गेली. ३२९ मुलांना लागण, १८३ मृत्यू. विदर्भातही तशीच मुलं दवाखान्यांत येत होती. मेंदूज्वर म्हटला की जपानी एन्सेफलायटिसचं नाव घ्यायची सवय, पण तो विषाणू इथे सापडत नव्हता. नमुने पुण्यात आले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले, रेबीजच्या कुळातले. हा कोण, हे ठरवायला तुलनेसाठी काहीतरी हातात असावं लागतं. आणि ते याच संस्थेकडे अडतीस वर्षांपासून होतं. चांदिपुराविरुद्धच्या प्रतिद्रव्यांनी ओळख पटली. निष्कर्ष २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि मोठा गुणांक त्या निबंधाच्या वाट्याला गेला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा मुलं दगावू लागली तेव्हा डॉक्टरांना हे नाव ठाऊक होतं, चाचणी होती, वाळूमाशीवर फवारणी करायची हेही माहीत होतं.

आता त्या १९६७ च्या निबंधाला दोन वर्षांची पट्टी लावा. खिडकी उघडते १९६८ मध्ये, मिटते १९६९ मध्ये. जी मुलं त्याच्यामुळे वाचली किंवा निदान कशाने गेली हे ज्यांच्या आईबापांना कळलं, ती त्या वेळी जन्मालाही आली नव्हती. चर्चासत्रातल्या त्या प्राध्यापकांना मी एवढंच विचारतो : हे भारतीय जर्नल १९६७ मध्ये नसतं, तर हा निबंध कुणी छापला असता? नागपूरच्या दोन तापकऱ्यांत लंडन-न्यूयॉर्कच्या संपादकाला काय रस होता?

उलट बाजूही त्यांनी पाहावी. अल्झायमरवरचा लेस्ने आणि सहकाऱ्यांचा २००६ चा निबंध ‘नेचर’मध्ये आला. दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला. त्यातल्या प्रतिमांत फेरफार असल्याचा संशय २०२२ मध्ये ‘सायन्स’ने सविस्तर मांडला आणि जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. मोजपट्टीच्या हिशेबात अठरा वर्षं तो यशस्वी होता. त्या यशाकडे पाहून कितीतरी प्रयोगशाळांनी आपली वर्षं आणि लोकांचा पैसा त्या दिशेला लावला. प्रभाव होताच, तो मी नाकारत नाही. पण औषधाचा परिणाम आणि विषाचा परिणाम यांची बेरीज एकाच रकान्यात करणाऱ्या पद्धतीला मी मूल्यमापन म्हणणार नाही.

पुण्याचंच आणखी एक उदाहरण सोडवत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी १९४३ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त एक निबंध लिहिला. त्यातली पद्धत पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर गेली. डोक्यावर लावलेल्या अनेक इलेक्ट्रोडमधून येणारा मेंदूचा विद्युत आलेख मोजक्या मुख्य घटकांत उलगडायचा तर हेच गणित वापरतात. १९४४ चा त्यांचा चार पानी निबंध गुणसूत्रावरच्या अंतरांबद्दलचा. तो लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला, म्हणून कोसंबींचं नाव त्याला चिकटून राहिलं, आज पिकाचा जनुकीय नकाशा काढणारा अनेकदा त्यांचं सूत्र वापरतो, आणि बहुधा मूळ निबंधाचा संदर्भही देत नाही, कारण ते आता सॉफ्टवेअरमधला एक पर्याय झालं आहे. जे ज्ञान पूर्ण मुरलं ते मोजणीतून गळतं. जर्नल कुठलं यावरून नाव कुणाचं राहतं हे ठरतं, हे मला मान्य आहे. पण याचा निष्कर्ष आपलं जर्नल बंद करा असा निघतो, की ते जगाला वाचायला मिळेल असं करा?

इथवर वाचणाऱ्याला वाटेल, की मी आकडा फेकून द्या म्हणणार. तसं मी म्हणणार नाही. त्याचं एक कारण यूजीन गारफिल्ड हा माणूस, दुसरं कारण आपली महाविद्यालयं.

गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ती प्रत्यक्ष आणली. सूचीत कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवताना त्यांना आणि अर्विंग शेर यांना अडचण आली. संदर्भांची नुसती बेरीज केली तर वर्षाला हजारो निबंध छापणारी अवाढव्य जर्नलंच वर येणार आणि थोडंच पण मोलाचं छापणारी मागे पडणार. म्हणून त्यांनी निबंधांच्या संख्येने भागलं. हा भागाकार लहान जर्नलाला न्याय मिळावा म्हणून जन्मला! पुढे त्याच आकड्याने माणसं तोलली जाताना पाहून गारफिल्ड अस्वस्थ झाले. १९९९ मध्ये त्यांनी आपल्या निर्मितीची तुलना अणुऊर्जेशी केली. ग्रंथपालाला कोणतं जर्नल घ्यावं हे सुचवणारं साधन म्हणून मी आजही त्या आकड्याच्या बाजूने उभा राहीन.

दुसरं कारण कडू आहे. निवड समितीत ओळख चालते, जात चालते, गुरुघराणी चालतात. ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्या तरुणाला ‘माझा निबंध अमुक ठिकाणी आला आहे’ एवढंच म्हणता येतं. छापील आकड्यापुढे अध्यक्षाच्या मर्जीला निदान सबब शोधावी लागते. हा आधार काढून घ्यायचा तर आधी दुसरा द्यावा लागेल. आपण काय दिलं? २०१० पासून प्राध्यापकांना गुणांचा हिशेब लावला आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं गल्लोगल्ली उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये तिची तपासणी मांडली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आत आलेल्या, इतर कुठल्या सूचीत नसलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असं त्यात निघालं. मग केअर यादी आली; तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि जर्नल कसं पारखायचं याचे निकष सुचवून जबाबदारी संस्थांवर सोपवली. केंद्रीय यादी गेली याचं मला दुःख नाही. पण ज्या महाविद्यालयात निबंध वाचायला कुणाला वेळ नाही, तिथे या स्वातंत्र्याचा अर्थ पुन्हा अध्यक्षाची मर्जी असाच होईल, किंवा मग सगळे निमूटपणे इम्पॅक्ट फॅक्टरकडे वळतील.

आणि तो फॅक्टर एका खासगी कंपनीच्या हातात आहे, हे विसरू नये. मेंदूविज्ञानातल्या दोन ताज्या घटनांनी ते लख्ख दाखवलं. ‘न्यूरोइमेज’ निबंधामागे ३,४५० डॉलर घेत होतं. एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या सगळ्या संपादकांनी राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसकडे ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ सुरू केलं. पारख करणारी माणसं गेली, जुन्या नावाला जोडलेला आकडा मात्र प्रकाशकाकडेच राहिला. मेंदूविज्ञान मोठ्या प्रमाणात छापणाऱ्या ‘ईलाइफ’ने २०२३ पासून स्वीकार-नकाराचा शिक्का सोडून परीक्षकांची मतं निबंधासोबत खुली करायला सुरुवात केली. फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२४ च्या अखेरीस त्याला इम्पॅक्ट फॅक्टर देणंच थांबवलं. स्वीकार-नकाराचा शिक्का सोडणं हा दोष ठरला. ज्या मोजपट्टीला प्रामाणिकपणा सोसत नाही तिच्यावर आपल्या तरुणांची भाकरी टांगून ठेवायची नाही, इतकं माझं मत पक्कं आहे.

तेव्हा मागणी ठोस करतो. निवड समितीने उमेदवाराचे तीन निबंध मागवावेत, बाहेरच्या दोन जाणकारांकडून वाचून घ्यावेत, त्यांना त्या वाचनाचं मानधन द्यावं आणि त्यांचं लेखी मत उमेदवाराला दाखवावं. १९५३ पासून निघणाऱ्या ‘न्यूरॉलॉजी इंडिया’सारख्या जर्नलाने दर वर्षी आपल्या निबंधांचे संदर्भ सरासरीने न सांगता एकेका निबंधाचे सांगावेत, दहा आणि वीस वर्षांपूर्वीच्या निबंधांचेही, कोणत्या उपचार-सूचनांत, कोणत्या अभ्यासक्रमात आपलं लेखन पोचलं ते नोंदवावं. क्षयाचा मेंदूज्वर, टेपवर्मच्या गाठींमुळे येणारी फीट, सर्पदंशाने येणारा लकवा यांबद्दल सोलापूर किंवा गडचिरोलीतला डॉक्टर काय शोधतो आणि त्याला काय सापडतं, हे त्या जर्नलच्या प्रभावाचं मोजमाप करताना सगळ्यात आधी विचारावं.

हे पैशांवाचून होणार नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये बाजूला काढले आहेत. ते प्रामुख्याने परदेशी प्रकाशकांची जर्नलं आपल्याला वाचता यावीत म्हणून. ती वाचायला मिळालीच पाहिजेत. पण आणखी त्याच्या एक टक्का, म्हणजे वर्षाला वीस कोटी, भारतीय जर्नलांच्या संपादनासाठी द्या : संख्याशास्त्र तपासणारे, प्रतिमांतला फेरफार ओळखणारे, परीक्षकांना वेळेवर उत्तर द्यायला लावणारे पूर्णवेळ पगारी लोक ठेवायला. दहा वर्षं हे चालू द्या. त्यानंतर ही जर्नलं बंद करायची का, यावर त्या प्राध्यापकांशी वाद घालायला मी तयार आहे.