तकाकी आणि सचोटी

आपली वस्तू विकण्यापूर्वी मनुष्याने ती किती नटवावी, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु तो अंगावर येतो तेव्हा तितका क्षुल्लक राहत नाही, असा आम्हांस नुकताच अनुभव आला. आमची बारा वर्षे वापरलेली मोटार विकावयाची ठरली. रंग शाबूत होता. पण बंपर, चाकांवरील कडा, दारांच्या पट्ट्या व पुढील काचेखालची जाळी हे जे काळ्या प्लॅस्टिकचे भाग, ते पुण्याच्या उन्हाने राखेसारखे भुरे झाले होते. जुन्या मोटारींच्या एका दलालाने तोडगा सुचविला : "साहेब, काळ्याला पॉलिश मारून घ्या, गाडी पाच वर्षांनी लहान दिसेल." घेणारा आमचाच एक जुना विद्यार्थी होता. त्यामुळे 'दिसेल' हा शब्द आम्हांस खटकला.

या काळ्याचे पांढरे का होते, हे प्रथम पाहू. हे प्लॅस्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन जातीचे असते व त्यात काजळी मिसळलेली असते. ती रंग देतेच, शिवाय ऊन स्वतः शोषून प्लॅस्टिकचे रक्षणही करते. तथापि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून पृष्ठभागावरील लांब रेणुसाखळ्या हळूहळू तोडतात. मग त्यावर खडूसारखी भुकटी धरते, बारीक चिरा पडतात, व त्यांवरून प्रकाश चोहोंकडे विखुरला गेल्यामुळे तो भाग पांढुरका दिसतो. काळिमा आत असतोच. त्यावर झिजलेल्या द्रव्याचा पडदा येतो. तांब्याचे भांडे चिंचेने घासले असता खाली तेच तांबे पुन्हा लखलखते. प्लॅस्टिकचे तसे नाही. त्याची तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही.

यावर उपाय चार. पहिला धुण्याचा. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश घेऊन दाणेदार पृष्ठभाग निगुतीने घासला, तर पुष्कळदा असे आढळते की, ज्यास आपण वार्धक्य समजत होतो ते रंगाला लावलेल्या मेणाचे जुने पांढरे डाग होते. दुसरा तेलाचा. खोबरेल असो वा बाजारातले सिलिकोनचे असो, ते चिरांत भरते आणि भाग क्षणात काळाभोर दिसतो. मात्र दोन-चार पाऊस झाले की मूळची कळा परत येते, आणि तोपर्यंत त्यावर धूळ चिकटते ती वेगळीच. तिसरा उष्ण हवेच्या झोताचा. त्याने वरची भुकटी किंचित वितळून आत मिळते व काळेपणा वर येतो. पण हे प्लॅस्टिक सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून हात जरा रेंगाळला की पट्टी वाकडी झालीच म्हणून समजावे. चौथा लेपाचा. मळ व तेलाचा अंश पूर्ण पुसून वर कठीण होणारा लेप द्यावयाचा; तो पुष्कळ महिने टिकतो, आणि काही लेपांत ऊन अडविणारी द्रव्येही असतात.

यांपैकी धर्म्य कोणता? सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद दिला आहे. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष विक्रेत्याने सांगावे. बाकी न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विक्रेत्यास जे ठाऊक ते सर्व घेणाऱ्यासही ठाऊक झाले पाहिजे. सिसेरोने शिष्याचा पक्ष घेतला. आम्हांसही तोच ग्राह्य वाटला, व त्यावरून आम्ही एक कसोटी काढली : जे केले ते घेणाऱ्यास सांगितल्यावरही ज्याची किंमत उरते, ते संस्करण, सांगताच जिचे मोल जाते, ती फसवणूक. धुतल्याचे सांगण्यास अडचण नाही. लेपही सांगितल्याने स्वस्त होत नाही. विक्रीच्या आदल्या दिवशी चोपडलेले तेल मात्र घेणाऱ्याच्या अज्ञानावरच जगते. 'मी गाडी मळकीच दाखवीन' असे म्हणणेही काही सत्यनिष्ठा नव्हे. मळ हा सत्याचा भाग नसतो.

या विवेकानुसार आम्ही दोन रविवार खर्चून गाडी घासली, लेप दिला, आणि मूळ स्थिती कळावी म्हणून मागील एक पट्टी मुद्दाम तशीच ठेवली. विद्यार्थी आला तेव्हा ती पट्टी दाखवून आम्ही सर्व हकीकत सांगितली, आणि सांगताना आम्हांस काहीसे समाधानही वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. त्याने सर्व आदराने ऐकून घेतले, बंपरवरून बोट फिरविले, आणि सहज विचारले, "सर, क्लच कधी बदलला होता?"

क्लच बदललाच नव्हता. घाट चढताना तो घसरू लागला होता; यंत्र गुरगुरे, पण गाडी तितकी ओढत नसे. हे आम्हांस चार महिने ठाऊक होते, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीपायी सिसेरो उघडणाऱ्या आम्हांस ते सांगण्याचे सुचले नव्हते. सुचले नव्हते, की सुचू दिले नव्हते? आम्ही त्यास खरे ते सांगितले व क्लचचा खर्च किमतीतून वजा केला. पण ते विचारल्यावर सांगितले. डायोजिनीसच्या विक्रेत्यानेही विचारल्यावर खोटे सांगितले नसते.

तेलाने फक्त दुसऱ्याचाच डोळा चुकविला जातो, असे आम्ही समजत होतो. परंतु लहान दोषाची जाहीर कबुली ही सुद्धा एक प्रकारची तकाकी असू शकते, आणि ती प्रथम आपल्याच डोळ्यांवर येते. मागची ती भुरी पट्टी ठेवली याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. तिच्याकडे बोट दाखविताना आम्ही यंत्राकडे पाठ केली होती, याचा आहे.